लोकरीचे पायमोजे आणि बिनतारी परवाना

अक्षर माझं नाही हो साहेब! म्हणजे — माझ्यासारखं आहे, पण लिव्हरपूलमध्ये गोल अक्षराच्या बायका काय कमी आहेत? बसा ना. त्या खुर्चीत नको, तिचा मोडका पाय फक्त मलाच ओळखतो. चहा घ्या. पोस्टखात्याचे परीक्षक परीक्षा घ्यायची सोडून, वही काखोटीला मारून माझ्या दारात येतात, म्हणजे पिंब्लेटनं काहीतरी दिवे लावलेले दिसतात. माझा भाडेकरू तो, वरची मागची खोली, दोन वर्षं झाली. जहाजावर बिनतारी यंत्र चालवायचं तर तुमचा परवाना हवा — तारेच्या खटखटीतून मिनिटाला वीस शब्द कानानं टिपायचे — आमचा पिंब्लेट पंचवीस टिपतो, पंचवीस! जेवताना मीठसुद्धा चमच्यानं बशीवर कट्‌-कड-कट्‌ करून मागतो. आता मलाही येतं सगळं. मागच्या महिन्यात माझे दुसरे भाडेकरू, मिस्टर ऑल्डक्रॉफ्ट, यांनी वर तंबाखूचा पाइप ठोकून झटकला, मला त्यात 'वाचवा' ऐकू आलं, धावत गेले जिन्यावरून — बिचारे नुसत्या गंजीफ्रॉकवर! आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काय? नियमांच्या तोंडी परीक्षेत घोडं अडलं? तिथंच अडतं हो दरवेळी, तिसरी खेप ही. पण त्याचा काय दोष — तुमचं ते छापील पुस्तक माझ्याच हातून स्काउजच्या, म्हणजे आमच्या मटण-बटाट्याच्या रश्शाच्या, पातेल्यात पडलं, पानंच्या पानं रश्शात, मग मी सगळे नियम वहीत उतरवून — म्हणजे कुणीतरी उतरवून दिले. वाचा की, काय चूक आहे? 'वादळात ऑपरेटरनं लोकरीचे दुहेरी पायमोजे घातल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.' मग? बरोबरच आहे! सरकारी नियमात नाही? नसेल तर घाला साहेब, सरकारला काय पाय नसतात? पुढचा? 'संकटाची हाक ऐकू आल्यास आधी गरम काहीतरी पोटात घालावं, उपाशीपोटी उत्तर देऊ नये.' हसू नका. तेवढ्या वेळात बुडणारं जहाज कुठं जातंय? — बरं, खाली जातं. मान्य.

नाही, मी कुणाचंही नाव घेणार नाही. गुप्ततेची शपथ असते ना तुमच्यात, इकडचा निरोप तिकडे करायचा नाही? पिंब्लेटनं या टेबलावर ती शपथ पाठ केली, मी समोर बटाटे सोलत होते, मलाही लागू झाली ती. तुम्ही त्यालाच विचारा. — विचारलंत? मग काय म्हणाला?

स्वतःचं अक्षर आहे म्हणाला? पिंब्लेट? अहो, त्याचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी नाचलेली! आणि तुम्ही — सरकारी नियमांची चेष्टा केली म्हणून त्याला कायमचा बाद? जन्मभर परवाना नाही? थांबा, थांबा साहेब. कप ठेवा खाली.

माझं आहे अक्षर. सगळं माझं. पायमोजे मायेनं लिहिले हो, खरंच, वाटलं तिकडे कोण सांगणार आहे त्याला. पहिल्यांदा नापास होऊन आला, दोन ताटल्या स्काउज खाल्ला आणि म्हणाला, "मिसेस ऑर्मरॉड, आता आणखी तीन महिने तुमच्या डोक्यावर." मला इतका आनंद झाला — इतका, की माझी मलाच लाज वाटली. लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी तो गरम खाण्याचा नियम घातला. मुद्दाम. तिसऱ्या खेपेला तर 'कप्तानानं यंत्राच्या खोलीत टोपी काढून यावं' इथपर्यंत गेले, हात शिवशिवायचेच. नवरा? समुद्रावरच गेला तोही — बुडाला नाही हो, तेवढं माझं नशीब कुठलं — तिकडे दूर व्हॅलपरायझो बंदरात न्हावी होऊन बसलाय, सुखरूप. पण पिंब्लेटसारखं चमच्यानं 'वा' म्हणणारं माणूस या घरात आधी कधी नव्हतं. मला सोडवत नव्हतं त्याला, बस.

आता त्याला पुन्हा विचारा, आजच. त्याला नोकरी देणारं जहाज उद्याच्या भरतीला सुटतंय. मी खरे नियम सांगते, मला पाठ आहेत — संकटाची हाक सगळ्यांच्या आधी, कुठल्याही कंपनीच्या यंत्रानं बोलावलं तरी उत्तर द्यायचं, फालतू गप्पा मारायच्या नाहीत — हे त्यालाही येतं हो, मी घातलेले तेवढे गाळा म्हणावं. तीन वाजता घ्याल? देव तुमचं भलं करो. माझ्या कबुलीवर सही हवी? कुठं? हे घ्या, विनिफ्रेड ऑर्मरॉड, गोल अक्षरात.

द्या ती वही जरा. शेवटचं पान कोरं आहे. 'ऑपरेटरनं दर बंदरातून घरमालकिणीला पत्र टाकावं.' — नाही ना असा नियम? माहीत आहे मला. तुम्ही नापास करा हवं तर मला, पण हे पान फाडू नका. माझ्या अक्षरातलं काही आजवर त्यानं मोडलेलं नाही.

शाई वाळली. उठा आता, तीन वाजतील. दार तुमचं तुम्हीच ओढून घ्या, मी नाही येत तिथपर्यंत.