कुडूच्या मुखी हिरवं पान

मंडळी, सरकून बसा! पुढं या, पुढं या — देव चावत नाही, आणि मीही नाही! दुपारचं कीर्तन आहे, उत्सवाचं जेवण अंगावर आलंय, बुंदी जरा जास्तच झालीय — सगळं ठाऊक आहे मला. आमचे पेटीवाले नरहरपंत तर डोळे मिटून बसलेत. ते ध्यान लावतायत असं आपण समजू या!

ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला ओढ लागते, खरं ना? जीव तुटतो कशासाठी तरी. आता मला सांगा — ओढ लागलेली असते माणसाची, आणि आपण धावत सुटतो वस्तूच्या मागं, असं होतं का कधी? आणि ती वस्तू हाताला लागली, तर ओढ भागते का?

त्या खांबाजवळच्या काकू मान हलवतायत. काकू, उत्तर तुम्हाला ठाऊक दिसतंय — पण आत्ता सांगू नका, आख्यान माझं आहे! ध्रुपद साधं आहे, मीच जोडलेलं. म्हणा माझ्यामागं —

बैस बा घडीभर जवळी।
सावली उंबऱ्यावर आली॥

तर कोल्हापुरात एक इंद्रजितराव खराडे. पन्नाशी उलटलेला गृहस्थ. स्वतःची फाउंड्री — लोखंड वितळवून पंपाचे, इंजिनाचे भाग ओतायचे. माणूस कामाचा पक्का. कानाला फोन, हातात चहा, आणि चहा कायम गार! असा माणूस तुमच्याही घरात असेल. नसेल तर आरशात बघा!

त्याचे वडील भास्करराव. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा तरुणपणी मोठे शिकारी. पुढं कायदा आला, शिकार बंद झाली. आबांनी मुकाट्यानं बंदूक जमा केली आणि एक दुर्बीण घेतली. लोक म्हणाले, "आबा, दुर्बिणीनं काय मारणार?" आबा म्हणाले, "मारून लई बघितलं. आता बघून बघतो." आणि खरंच, पहाटे उठून राधानगरीच्या रानात जायचे, गवा बघायचे, सांबर बघायचे, आणि घरी येऊन पोराला सांगत बसायचे. पोरगं लहान होतं तोवर ऐकत होतं. मग पोरगं मोठं झालं. मोठं झालं की काय होतं, ते मी कशाला सांगू?

एकदा कुठल्याशा मशीनवाल्यानं फाउंड्रीला कॅलेंडर दिलं. त्यात एक चित्र होतं — आफ्रिकेतलं हरीण! हरीण म्हणजे आपलं इवलंसं नव्हे हो. खोंडाएवढं थोराड! अंगावर पांढरे पट्टे, गळ्याला दाढी, पानासारखे मोठे कान, आणि शिंगं… काय सांगू! माणसाच्या छातीएवढी उंच, पिळावर पीळ घेत वर गेलेली. नाव कुडू. आबांनी ते पान आपल्या पलंगासमोर भिंतीला लावलं. वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, कुडू तिथंच राहिला.

"इंद्रा," आबा म्हणायचे, "शिंगं बघ रे! देवानं बसून सुतळी वळावी तशी वळल्यात. हे जनावर एकदा बघायला पायजे."

"नेतो की आबा! पुढच्या हिवाळ्यात नेतो."

"तू संगं असलास म्हंजे झालं."

पुढचा हिवाळा आला, आणि मोठी ऑर्डर आली. त्याच्या पुढचा आला, नवी भट्टी बसवायची निघाली. मग आबांचे गुडघे गेले. मग आबांनी विचारायचं सोडून दिलं. मंडळी, घरातलं म्हातारं माणूस मागायचं सोडून देतं ना, तेव्हा आपल्याला वाटतं, चला, समजूत पटली! पटलेली नसते हो. ते फक्त गप्प झालेलं असतं.

आणि एक दिवस इंद्रजित होता कोइमतूरला, प्रदर्शनात. बायकोचा फोन आला. प्रभावती म्हणाली, "आबांचं बरं दिसत नाही. तुम्ही निघा."

"शेवटचा दिवस आहे गं इथला. उद्या पहिल्या विमानानं येतो."

उद्या आला. विमान आलं. इंद्रजितही आला. आबा नव्हते.

तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी सुनेनं घातलं तोंडात. मुलगा असून सुनेनं. इंद्रजित रडला नाही. एवढंच विचारलं, "काही म्हणाले का?"

प्रभावती म्हणाली, "काही नाही म्हणाले. दाराकडं बघत होते."

(म्हणा, हळू म्हणा —) बैस बा घडीभर जवळी…

तिथनं त्या माणसाला आत कुठंतरी टोचायला लागलं. जेवताना टोचे, भट्टीपुढं उभा राहिला की टोचे. मोकळा पलंग दिसे, समोर तो कुडू दिसे. आणि एक दिवस त्यानं ठरवलं — आबांची इच्छा राहिली, ती पुरी करायची! आफ्रिकेत जायचं, कुडू मारायचा, आणि ती शिंगं आबांच्या फोटोखाली लावायची!

इथं कुणीतरी च्‌ च्‌ केलं. कोण ते? काकू, तुम्हीच! थांबा, त्याला अजून कळायचंय.

त्याची आई, आक्का, मागच्या खोलीत असायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं फारसं. ती म्हणाली, "एवढ्या लांब कशाला रे जातोस?"

"आबांसाठी जातो, आक्का."

आक्का काही बोलली नाही. त्यानंही थांबून विचारलं नाही. गाडी दारात उभी होती ना!

आता चला माझ्याबरोबर नामिबियात. आफ्रिका खंडाच्या खालच्या टोकाला, पश्चिमेच्या अंगाला. मला वाटलं होतं, आफ्रिका म्हणजे घनदाट जंगल. कसलं काय! आपल्या जतच्या माळासारखा मुलूख — तांबडी माती, काटेरी झाडं, आणि वर एवढं मोठं आभाळ. तिथं सरकारी परवान्यानं शिकार चालते. राखलेली रानं असतात. जगभरचे हौशी येतात, जनावर मारतात, मुंडकं भिंतीला लावायला घेऊन जातात. इंचाइंचानं शिंगं मोजतात! माझं मोठं, तुझं लहान! हसताय? आपण बंगल्याचे मजले मोजत नाही का?

त्या रानाची मालकीण होती इंग्रिडबाई. साठीची, उन्हानं रापलेली. पणजोबा जर्मनीहून येऊन तिथं राहिलेले. शिकाऱ्याला रानात तीच घेऊन जायची. ती बोलायची इंग्रजीत, मी सांगतो मराठीत — बाईंनी रागावू नये!

ती म्हणाली, "कळपातला मारायचा नाही. तरुण मारायचा नाही. कळपातून बाजूला पडलेला म्हातारा नर दिसला, तरच गोळी."

"चालेल," इंद्रजित म्हणाला. "पण शिंगं मोठी पाहिजेत."

निघाले. पहाटे चालायचं, ऊन चढलं की काटेरी झाडाखाली बसायचं, उतरलं की पुन्हा चालायचं. आणि एक गंमत ऐका. इंद्रजितच्या गळ्यात होती आबांची दुर्बीण! तिचा पट्टा आबांच्या घामानं काळा पडलेला. झाडाखाली बसून तो रान बघायचा. काळविटासारखं काही उड्या मारत गेलं, की तोंडातनं शब्द निघायचा, "आबा, ते बघा—" आणि शेजारी वळून बघायचा. शेजारी इंग्रिडबाई टोपी डोळ्यांवर ओढून पडलेली! कामाशिवाय असा कुणाजवळ बसलाच नव्हता तो कितीतरी वर्षांत. फोन लागत नव्हता तिथं. अहो, माणसाला बसायला शिकवायचं तर देवाला त्याला उचलून पार नामिबियापर्यंत न्यावं लागतं!

आणि मग एका संध्याकाळी बाईनं त्याच्या दंडाला हात लावला. ओठांवर बोट ठेवलं. इंद्रजितनं दुर्बीण लावली.

कुडू!

म्हातारा. एकटा. काटेरी झाडाच्या सावलीत उभा, मान उंच करून पाला ओरबाडत होता. कान हलत होते. अंगावरचे पांढरे पट्टे पाल्यातनं झिरपणाऱ्या उन्हात दिसत होते. शिंगांना पीळ — एक, त्यावर दुसरा, त्यावरही अर्धा — आणि टोकं हस्तिदंती! भिंतीवरच्या चित्रात होता तसाच. नाही, त्याच्यापेक्षा देखणा! कारण हा श्वास घेत होता.

इंद्रजितचे डोळे भरून आले. मनात म्हणाला, "आबा, बघितलात?"

झालं होतं, मंडळी! तिथंच सगळं झालं होतं! आबांची दुर्बीण, आबांचा पोरगा, आणि समोर आबांचा कुडू! आणखी काय पाहिजे होतं? तिथनं हात जोडून परत फिरला असता, तर हे आख्यान इथंच संपलं असतं. तुम्ही घरी गेला असता, नरहरपंतांची झोप झाली असती!

पण नाही. त्यानं दुर्बीण खाली केली आणि बंदूक उचलली.

आवाज झाला. रानातली पाखरं उडाली. कुडू दोन पावलं चालला, गुडघ्यांवर आला, आणि आडवा झाला.

इंग्रिडबाई म्हणाली, "स्वच्छ गोळी. त्रास झाला नाही त्याला." मग तिनं डोक्यावरची टोपी काढली. ज्या झाडाचा पाला तो खात होता, त्याचीच हिरवी डहाळी मोडली आणि इंद्रजितच्या हातात दिली.

"हे काय?"

"शेवटचा घास. आमच्यात रीत आहे. मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची. पुढच्या वाटेला. ज्यानं गोळी घातली, त्यानंच ठेवायची. मग त्याच्याजवळ थोडा वेळ बसायचं. गप्प."

मंडळी…

इंद्रजित गुडघ्यांवर बसला. कुडूचं तोंड हातात घेतलं. ओठ अजून गरम होते, मऊ होते. आत अर्धवट चावलेला पाला तसाच होता. डोळा उघडा — आणि तो डोळा, त्याला वाटलं, कुठंतरी दाराकडं लागलाय.

सगळं उफाळून आलं. तुळशीचं पान! ज्याच्या तोंडात घालायचं होतं, तिथं हा पोचला नाही. आणि इथं, सात समुद्रांपलीकडं, स्वतः मारलेल्या मुक्या जिवाच्या तोंडात हा हिरवं पान ठेवतोय! त्यानं डहाळी ठेवली. कपाळ टेकलं त्या मानेवर. आणि एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत म्हणाला —

"आबा, आलो. आबा, मी आलो हो."

कोण ऐकणार? आबा गेले होते. कुडूही गेला होता.

बाई बसून राहिली. घाई केली नाही. दिवस बुडायला आला तेव्हा उठली, खिशातनं टेप काढली, शिंगं मोजायला. इंद्रजित म्हणाला, "मोजू नका. मला नकोत शिंगं."

बाई थांबली. रागावली नाही, पण बोलली ते ऐका. म्हणाली, "नकोत? मग मारलास कशाला?"

आहे उत्तर? मला सापडलं नाही. आपण कितीही रडलो, तरी कुडू काही उठून पाला खायला लागत नाही. पश्चात्ताप झाला म्हणून मारलेलं जिवंत होत नसतं, मंडळी. हे सांगायला गोड नाही, पण कीर्तनात खोटं बोलायचं नसतं.

बाई म्हणाली, "मारलेलं आम्ही टाकून देत नाही. मांस वस्तीवरचे लोक खातील. शिंगं तू ने. आणि रोज बघ."

सगळे परवाने होऊन शिंगं घरी यायला बरेच महिने गेले. आली. आबांच्या फोटोखाली टेकवून ठेवली. पाव्हणे यायचे, म्हणायचे, "वा! किती इंच?" इंद्रजित म्हणायचा, "मोजली नाहीत." पाव्हण्यांचा विरस व्हायचा!

एका संध्याकाळी आक्का भिंतीला धरत धरत बाहेर आली. म्हणाली, "कुठं आहेत ती? हात लावू दे." इंद्रजितनं तिचा हात धरून शिंगावर ठेवला. दिसत नव्हतं तिला. पिळावरनं बोटं फिरवत फिरवत ती टोकापर्यंत गेली, आणि पुन्हा खाली आली.

"हीच व्हय रे ती? छान आहेत." मग म्हणाली, "पण बाळ, त्यांना ही नको होती रे. त्यांना बघायचं होतं. तेही एक निमित्तच. तुझ्याबरोबर कुठंतरी जायचं होतं त्यांना. एवढंच होतं."

"आक्का, तू तेव्हा का बोलली नाहीस?"

"तू बसलास कुठं?"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. फाउंड्रीचा! सवयीनं हात गेला. आक्कानं तो आवाज ऐकला, आणि तिचं तोंड आपसूक आतल्या खोलीकडं वळलं. तिला ठाऊक होतं, आता हा निघाला.

इंद्रजितनं ते वळणं बघितलं. फोन बंद केला. आईला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसला. म्हणाला, "आक्का, मी तिथं काय काय बघितलं, सांगू?"

"सांग की," आक्का म्हणाली. "कान किती मोठे होते रे त्याचे?"

आणि तो सांगायला लागला.

बैस बा घडीभर जवळी।
सावली उंबऱ्यावर आली॥

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरी असं एखादं चित्र आहे का भिंतीला? "एकदा नेशील का रे" म्हणून कुणी मागितलं होतं, आणि आता मागायचं सोडलंय? त्यांना गाव बघायचं नसतं, देऊळ बघायचं नसतं, कुडूही बघायचा नसतो हो! त्यांना तुम्ही हवे असता. ते राहिलं, की मग जन्मभर शिंगं गोळा करत हिंडावं लागतं.

बाहेर बघा. देवळाच्या उंबऱ्यावर खरंच सावली आलीय. आज गजर लांबवत नाही. ज्यांच्या घरी कुणी दाराकडं बघत बसलंय, त्यांनी उठावं. आत्ता! आरतीला थांबू नका, गाभाऱ्यातला नारायण रागावणार नाही. प्रसाद मी मागाहून पाठवीन.

आणि ज्यांच्या घरी दाराकडं बघणारं आता कुणी उरलं नाही — त्यांनी बसा. पुढं या. असे माझ्याजवळ या. आपण मिळून नाव घेऊ.