पप्पांची मऊ गादी

आमच्या पप्पांना हौस कशी नडते, ऐका. बोधगयेला जायचं ठरल्यापासून सिकंदराबादहून तिथल्या गेस्टहाउसला त्यांचा रोज फोन: "गादी मऊ पाहिजे हां, माझी पाठ धरते."

पोहोचलो त्या दिवशी पौर्णिमा. सकाळी बोधिवृक्षाखाली नांदेडचे एक भंते अष्टशील देत होते. आई म्हणाली, "अहो, आपलं पंचशील बरं."

"नक्को! इतक्या दूर येऊन पाचच? मी आठ घेतो." वरच्या तिनांत काय आहे, हे विचारायचं नाव नाही. भंतेंच्या मागोमाग आठही शीलं पालीत खणखणीत म्हणून मोकळे!

दुपारी खोलीत येऊन पप्पांनी उस्मानिया बिस्किटांचा डबा उघडला. दारावरून जाणारे तेच भंते थबकले. "उपासकजी, अष्टशील घेतलंत ना? आता उद्या सकाळपर्यंत खाणं नाही."

पप्पांनी डबा बंद केला आणि हताश होऊन पलंगावर टेकले.

"मऊ गादीसुद्धा नाही," भंते हसून म्हणाले. "चटई पाठवतो."

पप्पांनी आईकडे पाहिलं. पंचशीलवाल्या आईनं डबा ओढून घेतला, गादीवर पाय पसरले आणि बिस्किट खात म्हणाली, "गादी मात्र एक नंबर मिळवलीत हं!"