फिटवरचं औषध

डॉक्टर म्हणजे देव, असं म्हणता ना? मग हे ऐका. चीनच्या युद्धाच्या आदल्या वर्षी आमच्याच शहरातल्या मल्लेश्वरमची मंडळी आमच्या अक्काला बघायला आली. तिला फिट्स यायच्या. पण आमच्या डॉक्टरांनी अप्पांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "लग्न करून द्या, आपोआप थांबतील." त्या भरवशावर अप्पा पाहुण्यांशी त्याबद्दल काहीच बोलले नव्हते.

उप्पिटाची बशी देतानाच अक्का कोसळली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तिच्या मुठीत किल्ल्या कोंबल्या. मुलाच्या आईंनी मात्र सगळ्यांना बाजूला सारलं, अक्काला कुशीवर वळवलं आणि ती शुद्धीवर येईपर्यंत त्या तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

अप्पा रडवेले झाले. "फसवायचं नव्हतं हो. चामराजपेटचे डॉक्टर म्हणाले, लग्नाने थांबतं."

"कोण, ते मार्केटजवळचे?" बाईंनी मुलाकडे पाहिलं. "आमच्या ह्यालाही त्यांनी हेच औषध सांगितलंय."