चालू राहिलेलं घड्याळ

दाताच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट पाहणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंची दाढ ठणकत होती, कान मात्र ठणठणीत होते. शेजारी एक जोडपं येऊन बसलं. बायकोचा गाल सुजलेला, नवऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप.

“इथेसुद्धा काम?”

“काम नाही गं, नोंद. प्रोग्राम लिहितो तिथेच कामाचं नाव टाकायचं. एक बटण दाबलं की घड्याळ सुरू, पुन्हा दाबलं की बंद. दिवस कुठे गेला ते कळतं.”

“बघू. ‘चूक शोधणे, तीन तास.’ ‘चहा, अकरा मिनिटं.’ आणि हे काय, ‘बायकोशी बोलणे’? मला कामात धरलंयस?”

“महत्त्वाच्या कामात.”

“या आठवड्यात किती झालं?”

“साडेतेरा तास! आणि म्हणे मी बोलत नाही.”

“साडेतेरा? कधी?”

“मंगळवारचेच बारा आहेत.”

“मंगळवारी मी माहेरी होते.”

“तुझा फोन आला होता ना, तेव्हा सुरू केलं.”

“मी ‘पोचले’ म्हणाले, तू ‘बरं’ म्हणालास.”

“मग बंद करायचं राहिलं असेल.”

“म्हणजे मी नसताना बारा तास आणि समोर असताना दीड.”

“खोडतो ते बारा.”

बाईंनी हातातल्या मासिकाचं पान मघापासून उलटलंच नव्हतं. आतून नर्सने हाक मारली. बायको गाल धरून उठली.

“खोडू नकोस. मी आत चाललेय, घड्याळ सुरू कर. मी नसले की तुझा आकडा चांगला येतो.”