नणंद येईपर्यंत

—चुक् चुक् चुक्, असा आवाज होता बघ, बेटा. साठ-पासष्ट वर्षं झाली असतील, धारला, आमच्या घरात. आई बाळंतपणातच गेली आणि माझा धाकटा भाऊ रिकाम्या तोंडानं तो आवाज करत राहायचा. आज त्या काचेपलीकडे माझा नातू आयुष तसाच करतोय. तू मघाशी फोनवर मराठीत बोलत होतीस ना, म्हटलं आपलीच पोर आहे, म्हणून बसलो तुझ्याजवळ. उठू नकोस, बस.

चूक कोणाची म्हणू? सगळ्या घराची. या मुलखातली रीत आम्हीही धरली — नणंदेनं बाळंतिणीची छाती धुतल्याशिवाय बाळाला पाजायचं नाही. माझी मुलगी विनीता धारहून इथं देवासला येईपर्यंत अख्खी रात्र गेली. तोवर पोराला नुसतं मधाचं बोट. आणि सुनेचं, अवंतीचं, पहिलं पिवळं दूध माईनं पिळून टाकून दिलं — माई म्हणजे माझी बायको. खराब असतं म्हणे! ती वाईट नाही गं, तिला तिच्या सासूनं हेच शिकवलेलं. विनीता आली, छाती धुतली, आम्ही विनीताला मानाची साडी दिली, सगळे हसलो — आणि बघतो तर पोर थंड पडलेलं.

या इस्पितळातली सिस्टर म्हणाली, "बाबा, वो पहला दूध ही तो दवा थी उसकी." आता अवंती दर दोन-तीन तासांनी दूध काढते, वाटीचा तळसुद्धा भिजत नाही. कोणी म्हणतं शतावरी द्या, कोणी म्हणतं पावडर, मोबाइलमध्ये तिसरंच. खरं कोणाचं? मी जन्मभर गाद्या भरल्या, मला काय कळतं? मी आता सिस्टरचंच ऐकतो. ती म्हणते, पोराला छातीशी धरत राहा, दूध येईल, पण तोवर दुसऱ्या आईचं पाहिजे. त्या निळ्या पडद्यामागं घेतात, तपासतात, तापवून देतात. आणि आज त्यांच्याकडे शेवटची बाटली आहे, बेटा. उद्या? उद्याचं काही नाही.

मघाशी नळाशी तू पाठ करून उभी होतीस... मी मुद्दाम नाही बघितलं. मोरीतून पांढरं वाहत आलं, ते दिसलं.

माझ्या भावाला कोणी जगवलं? शेजारच्या इंदूमावशीनं. "ला भिया, इधर ला," मला म्हणायची — भिया म्हणजे भाऊ — आणि त्याला पदराखाली घ्यायची. पाजताना रडायची, मी पंख्यानं वारा घालायचो. तिचं स्वतःचं बाळ त्याच आठवड्यात —

नाही. हे मला बोलायचं नव्हतं. वॉर्डातल्या बाया तुझ्याबद्दल बोलत होत्या, कानावर आलं. चुकलो, बेटा. तो भाऊ आहे अजून, नालछ्याला असतो, फोनवर भांडतो माझ्याशी... एवढंच सांगायचं होतं.

तुझ्यावर जबरदस्ती नाही. फक्त छाती अशी करकचून बांधू नकोस, कोणी का सांगितलं असेना, आधी सिस्टरला विचार. जा, घरी जा. रिक्षा मिळेल गेटपाशी — अगं, गेट इकडे आहे. तिकडे तर तो निळा पडदा —