बहिणीकडचे मासे

"माझं काय चुकलं?" असं विचारणाऱ्या जुन्या मित्राच्या पत्राला ग्रंथपालांनी कधी उत्तरच धाडलं नव्हतं. आज उत्तर लिहून खिशात घातलं होतं खरं, पण टपालाच्या रांगेत पाय पुढे पडत नव्हते. मागे दोघी बहिणींची जुंपली होती.

"ताई, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तुझ्याच माशांनी आणला. माझी अख्खी टाकी आजारी पडली."

"माझे मासे ठणठणीत आहेत. तूच दुकानातून काहीतरी आणलं असशील."

"घे शपथ."

"माशांची? आधी सांग, नवे मासे काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवलेस?"

"तू दिलेले म्हणून नाही ठेवले. सख्ख्या बहिणीवर कोण संशय घेतं?"

"आता घेतेयस की! वेगळं ठेवायचं माशांना, ठेवलंस मला. महिनाभर साधा फोन नाही."

"एकेक मासा मरत होता, ताई."

"जगलेत किती?"

"दोनच. दगडांवर अंग घासत फिरतात."

"पाणी हळूहळू कोमट कर, जरा मीठ घाल. संध्याकाळी येते बघायला."

"ये. पण टाकीत हात घालू नकोस."

"धुऊन घालीन, महामाये! ओ आजोबा, सरका की पुढे!"

ग्रंथपाल सरकले. कारकुनाने पाकीट ओढलं, तरी त्यांनी क्षणभर त्याचं टोक धरून ठेवलं. मग सोडलं. शिक्का पडला.