म्हशीच्या बदल्यात मेंढा

सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांकडं माझा नंबर यायचा होता. मागच्या बाकावर आटपाडीकडच्या मायलेकी बसल्या होत्या. त्यांच्यासोबतच्या म्हाताऱ्याला नर्सनं वजन करायला आत नेलं होतं.

"पल्लवे, तुझ्या आबांची ती हाताच्या कापऱ्यावरची गोळी बंद करत्याल का गं?"

"करायलाच पायजे, आई. दुभती म्हस देऊन मेंढा घेऊन आलं. परवा चालत्या एस्टीतनं उडी टाकली."

"पर हात थांबलाय की. आता आपल्या हातानं च्या पित्यात."

"डॉक्टर म्हणालं, मेंदूत जे कमी पडलंय ते ही गोळी भरून काढती, म्हणून हात थिर ऱ्हातोय. पर त्यानंच मनाचा लगाम सुटतोय. मनात आलं की केलंच."

"मग दुसरी गोळी न्हाई व्हय?"

"शोधत्यात म्हणं. अजून घावली न्हाई. तवर हीच कमी करायची."

"म्हंजी हात परत कापणार."

"कापू दे. उद्या हिरीत उडी मारली तर?"

"त्येच भ्या वाटतंय गं. डोळ्याला डोळा लागत न्हाई माझा."

"मग मी डॉक्टरला समदं सांगती. अजून काय केलंय का त्येंनी? आई, लपवू नगंस."

"शनवारी बाजारात समद्यांम्होरं मला नावानं हाक मारली. सुला म्हणून. लगीन झाल्यापासनं नुसतं 'आगं ए' हुतं."

"ते बी सांगू?"

"सांग. पर हाक त्येंनी मारली का गोळीनं, एवढं मातूर डॉक्टरला इचारू नगंस."